पाटी रंगवण्याआधी

१९७१ साली जॅक कॉविन या कॅनडातून आलेल्या उद्योजकाने ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बर्गरचे दुकान काढले. त्यासाठीचे हक्क त्याला अमेरिकेतल्या 'बर्गर किंग' कंपनीकडून मिळाले होते. पदार्थ कंपनीचे, बनवण्याची रीत कंपनीची, फक्त नाव तेवढे कंपनीचे लावता येईना. अ‍ॅडलेडमधल्या एका खाद्यपदार्थांच्या दुकानाने 'बर्गर किंग' हे नाव ऑस्ट्रेलियात आधीच नोंदवून ठेवले होते. मग कंपनीने आपल्याकडच्या दुसऱ्या नोंदलेल्या नावांची यादी कॉविनपुढे ठेवली. त्या काळात बर्गर किंगची मालकी पिल्सबरी या कंपनीकडे होती आणि पिल्सबरीच्या पॅनकेक मिश्रणाचे नाव होते 'हंग्री जॅक'. त्यात किंचित बदल करून कॉविनने 'हंग्री जॅक्स' अशी पाटी लावली.

आज ऑस्ट्रेलियात शेकडो दुकानांवर हीच पाटी दिसते. नव्वदच्या दशकात अ‍ॅडलेडच्या त्या जुन्या नोंदीची मुदत संपली, तेव्हा अमेरिकी कंपनीने आपल्या मूळ नावाची दुकाने तिथे उघडून पाहिली. त्यावरून कॉविनशी वाद झाला, तो न्यायालयात गेला आणि २००१ साली न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयात कंपनी हरली. पुढच्या दोनेक वर्षांत तिने ऑस्ट्रेलियातून आपली पाटी उतरवली. जगातल्या बहुतेक देशांत ओळखले जाणारे नाव एका अख्ख्या खंडात वापरता येत नाही, याचे मूळ एका शहरातल्या एका दुकानाच्या नोंदीत आहे.

याच कंपनीला याआधी घरच्या अंगणातही असा अनुभव आला होता. इलिनॉय राज्यातल्या मॅटून गावात हूट्स दांपत्याचे छोटे उपाहारगृह होते. त्यांनी १९५९ साली 'बर्गर किंग' हे नाव राज्याच्या कायद्याखाली नोंदवले होते. फ्लोरिडातून वाढलेल्या मोठ्या कंपनीने इलिनॉयमध्ये पहिले दुकान काढले ते १९६१ साली, आणि देशपातळीवरची ट्रेडमार्क नोंदणीही तिला त्याच वर्षी मिळाली. प्रकरण न्यायालयात गेले. १९६८ च्या निकालाने मोठ्या कंपनीला राज्यभर हक्क दिला, पण मॅटूनभोवतीचा वीस मैलांचा परिसर हूट्स दांपत्याकडेच ठेवला. त्या वर्तुळात कंपनीला आपल्या नावाने दुकान काढता येईना.

आणि तिसरा अनुभव पुण्यातला. कॅम्प भागात १९९२ च्या सुमारास एका इराणी दांपत्याने 'बर्गर किंग' नावाने उपाहारगृह चालू केले. अमेरिकी कंपनीचे भारतातले पहिले दुकान उघडले नोव्हेंबर २०१४ मध्ये, दिल्लीत. म्हणजे पुण्याची पाटी तब्बल दोन दशके जुनी. कंपनीने मात्र भारतात येण्याआधीच, २०११ मध्ये, पुण्यातल्या या उपाहारगृहावर दावा लावला होता. २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला, कारण भारतात या नावाने प्रत्यक्ष धंदा आधी पुणेकरांनी सुरू केला होता. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथे अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव वापरायला मनाई झाली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. एका नावासाठी एका उपाहारगृहाची तेरा-चौदा वर्षे न्यायालयात गेली.

तिन्ही गोष्टींत प्रश्न एकच होता: हे नाव आधी कोणाचे? धंदा काढणारा माणूस हाच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारतो. 'नाव मोकळे आहे का?' आणि संगणकावर दोन मिनिटांत उत्तर मिळेल अशी त्याची अपेक्षा असते. उत्तर मिळतेही, पण ते बहुतेक वेळा भलत्याच प्रश्नाचे असते.

भारतात धंद्यांच्या नावांची एकच अशी नोंदवही नाही. नोंदवह्या अनेक आहेत आणि प्रत्येकीचे काम वेगळे आहे. दुकान काढताना महाराष्ट्रात बहुतेक जण पहिल्यांदा जो कागद काढतात, त्याला मुंबईत गुमास्ता म्हणतात आणि इतरत्र शॉप अ‍ॅक्ट. तो दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद आहे आणि त्याचा संबंध कामगारांच्या सेवाशर्तींशी आहे. त्यावर दुकानाचे नाव छापलेले असते, म्हणून मालकाला वाटते की नाव आपल्या मालकीचे झाले. प्रत्यक्षात हा कागद देताना शेजारच्या तालुक्यात त्याच नावाचे दुकान आहे का, हे कोणी पाहत नाही. जुलै २०२० पासून सुरू झालेल्या उद्यम नोंदणीचेही तसेच. ती मालकाच्या स्वतःच्या घोषणेवर चालते. जीएसटी क्रमांक करासाठी असतो, खाद्यपदार्थांचा परवाना स्वच्छतेसाठी आणि सुरक्षिततेसाठी. हे सगळे कागद गरजेचे आहेत, पण यातला एकही कागद नावाचा हक्क देत नाही. एका जिल्ह्यात एकाच नावाच्या चार दुकानांकडे हे चारही कागद रीतसर असू शकतात.

नाव खरोखर तपासले जाते ते कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) काढताना. २०१३ च्या कंपनी कायद्याचे चौथे कलम सांगते की आधीच्या कंपनीशी तंतोतंत जुळणारे किंवा फार जवळचे नाव नव्या कंपनीला मिळणार नाही. अर्ज 'स्पाइस प्लस' या ऑनलाइन नमुन्याच्या पहिल्या भागात करायचा. एक हजार रुपये शुल्कात दोन नावे सुचवता येतात. हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रीय नोंदणी केंद्रात अर्जाची छाननी होते आणि मंजूर नाव वीस दिवस राखून ठेवले जाते. तेवढ्या वेळात कंपनीची नोंदणी पुरी झाली नाही, तर जादा शुल्क भरून मुदत वाढवता येते.

'जवळचे नाव' कशाला म्हणायचे, याचे नियम सरकारने उदाहरणांसह लिहून ठेवले आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत. अनेकवचन करून नाव वेगळे होत नाही. दोन शब्द जोडून किंवा तोडून होत नाही. 'रवी बिल्डर्स अँड कॉन्ट्रॅक्टर्स' असेल तर 'रवी कॉन्ट्रॅक्टर्स अँड बिल्डर्स' मिळत नाही. शेवटी 'डॉट कॉम' लावून भागत नाही. 'जे. के.' ही अक्षरे रोमन लिपीत 'Jay Kay' अशी लिहिली तरी कान फसत नाहीत. एखाद्या नावाचे पूर्ण हिंदी किंवा इंग्रजी भाषांतरही तेच नाव धरले जाते, म्हणून 'नॅशनल इलेक्ट्रिसिटी कॉर्पोरेशन' असताना 'राष्ट्रीय विद्युत निगम' घेता येत नाही. मागे गावाचे नाव जोडणे हाही मार्ग बंद आहे. इतकेच काय, बंद पडून नोंदवहीतून काढून टाकलेल्या कंपनीचे नावसुद्धा राजपत्रातल्या सूचनेपासून वीस वर्षे दुसऱ्याला मिळत नाही. नियम कडक वाटतात, पण ते व्यवहाराला धरून आहेत. नावाच्या नकला याच वाटांनी होत असतात.

काही शब्द तर कोणालाच सहज मिळत नाहीत. 'बोर्ड', 'कमिशन', 'नॅशनल', 'सेंट्रल' अशा शब्दांसाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. बँकिंगचा परवाना नसलेल्या संस्थेला नावात 'बँक' वापरता येत नाही, आणि सहकारी पतसंस्थांनी तो शब्द लावू नये असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये पुन्हा बजावले. महाराष्ट्रातल्या नव्या उद्योजकाला विशेष माहीत असावा असा कायदा मात्र १९५० चा आहे. बोधचिन्हे आणि नावे यांचा गैरवापर रोखणाऱ्या या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी यांच्या जोडीने छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्क म्हणून वापरायला मनाई आहे. महाराजांबद्दलच्या प्रेमापोटीच लोक दुकानाला त्यांचे नाव देतात, पण त्या नावाचा आदर राखायचा तर ते व्यापारापासून लांब ठेवावे, ही कायद्याची भूमिका योग्य वाटते. २०२२ मध्ये राज्याने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली आणि मद्य विकणाऱ्या किंवा देणाऱ्या दुकानांना महापुरुषांची, महनीय स्त्रियांची आणि गडकिल्ल्यांची नावे देण्यास बंदी घातली.

मानेसरहून मंजुरी आली की नव्या उद्योजकाला हायसे वाटते. सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. त्या मंजुरीचा अर्थ एवढाच, की कंपन्यांच्या नोंदवहीत हे नाव दुसऱ्या कोणाचे नाही. बाजारात ते कोणाचे नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. कराडच्या बाजारपेठेत तीस वर्षे चालणारे एका मालकाचे दुकान त्या नोंदवहीत मुळी नसतेच.

किर्लोस्करांचे प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे. १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झालेले आणि १९१० नंतर किर्लोस्करवाडीत वाढलेले हे नाव पंप, इंजिने, यंत्रे यांच्याशी इतके जोडले गेले, की आडनाव हीच मालाची ओळख झाली. पुढे 'किर्लोस्कर डिझेल रिकॉन' या नावाची कंपनी निघाली. तिच्या मागचे लोकही किर्लोस्कर आडनावाचेच, आणि कंपनी रीतसर नोंदलेली. तरी १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला हे नाव वापरण्यास मनाई केली. माणसाला आपले आडनाव प्रामाणिकपणे लावायचा हक्क आहे, पण कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती आहे आणि तिला जन्माने आडनाव मिळत नाही. तिचे नाव कोणीतरी निवडलेले असते, आणि निवडलेल्या नावाची जबाबदारी निवडणाऱ्यावर येते.

महिंद्रांच्या प्रकरणातही हेच दिसले. 'महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स' ही गुजरातमधली कंपनी कागदाच्या धंद्यात होती, तर 'महिंद्रा अँड महिंद्रा' जीप आणि ट्रॅक्टरच्या. माल वेगळा होता, कंपनी नोंदलेली होती, अक्षरांतही फरक होता. पण दोन्ही नावे मोठ्याने म्हटली की फरक उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कागद कंपनीविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला.

म्हणून दुसरी नोंदवही पाहावी लागते, ती ट्रेडमार्कची. तिचे मुख्य कार्यालय मुंबईतच आहे, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात. दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि अहमदाबाद इथे शाखा आहेत. १९९९ चा ट्रेडमार्क कायदा सप्टेंबर २००३ पासून लागू झाला आणि त्याखाली सगळा माल आणि सगळ्या सेवा ४५ वर्गांत विभागल्या आहेत. मसाले, चहा, बिस्किटे तिसाव्या वर्गात, लोणची, दूध-दुभते आणि खाद्यतेल एकोणतिसाव्यात, कपडे पंचविसाव्यात, उपाहारगृहे त्रेचाळिसाव्यात. या नोंदवहीतला शोध कोणालाही विनामूल्य घेता येतो.

समजा, साताऱ्याच्या एका बचत गटाला मसाले विकायचे आहेत आणि बायकांनी एकमताने 'स्वाद' हे नाव ठरवले आहे. गटातली एखादी मुलगी मोबाइलवर ट्रेडमार्कचे संकेतस्थळ उघडेल, तिसावा वर्ग निवडेल, रोमन लिपीत नाव टाकेल आणि शोध घेईल. इथे तिला एक मोठी अडचण येणार आहे. 'स्वाद' हा शब्द रोमन अक्षरांत चार-पाच प्रकारे लिहिता येतो. व वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात, आ कधी एका अक्षराने तर कधी दोन. तिने एकच रूप टाकले तर बाकीच्या रूपांतल्या नोंदी तिला दिसणार नाहीत आणि नाव मोकळे असल्याचा भ्रम होईल. म्हणून संकेतस्थळावर उच्चारावरून शोधायची जी सोय आहे, ती अवश्य वापरावी. शिवाय 'या शब्दाने सुरू होणारी' आणि 'हा शब्द असलेली' अशा दोन्ही रीतींनी पाहावे, कारण 'स्वादिष्ट', 'सुस्वाद', 'स्वादगंध' ही नावेही आड येऊ शकतात. महाराष्ट्रात तर याला आणखी एक कारण आहे. इथे प्रत्येक दुकानावर देवनागरी मराठी पाटी सक्तीची आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर फिरवून साधलेला वेगळेपणा देवनागरी पाटीवर नाहीसा होतो.

कानाला काय वाटते, हीच न्यायालयाचीही कसोटी आहे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांचा वाद आला. एकाच्या वकिलांचे म्हणणे असे, की दोन्ही शब्दांचा अर्थ निराळा आहे. न्यायालयाने गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवले. गावातला साधा माणूस औषध मागताना समास सोडवत बसत नाही. त्याला नाव अर्धवट आठवत असते आणि एकंदर आवाजावरून तो बाटली ओळखतो. दोन नावे फसवण्याइतकी जवळची आहेत, असे न्यायालयाने ठरवले. तरीही 'लक्ष्मणधारा'ला फक्त उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण तिथे ते औषध प्रामाणिकपणे विकले जात होते आणि दुसऱ्या बाजूने ते बरीच वर्षे चालू दिले होते.

वर्ग वेगळा म्हणून निश्चिंत राहणेही बरे नाही. १९५९ च्या एका निकालात 'ग्लुकोव्हिटा' ही ग्लुकोजची पूड आणि 'ग्लुव्हिटा' बिस्किटे समोरासमोर आली. पूड आणि बिस्किटे हा वेगळा माल, पण बिस्किटात ग्लुकोज असते हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते, त्यामुळे दोन्ही एकाच कारखान्याची वाटू शकतात. बिस्किटवाल्यांना ते नाव मिळाले नाही. १९८७ मध्ये विजेची उपकरणे विकणाऱ्या 'बजाज'च्या तक्रारीवरून, त्याच नावाने स्टीलची भांडी विकणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला, तोही याच विचाराने. विजेची शेगडी आणि स्टीलचे पातेले एकाच स्वयंपाकघरात जाते आणि बहुधा एकाच दुकानात मिळते. बचत गटाने म्हणून मसाल्यांसोबत लोणची, पापड आणि तयार पिठे यांच्याही नोंदी पाहायला हव्यात.

देवाचे नाव आधी लावून सुटका होईल, असा आपल्याकडे मोठा समज आहे. बंगळुरूच्या 'साई रेनेसाँ' हॉटेलाचे चालक साईबाबांचे भक्त होते आणि 'साई' हा शब्द त्यांनी भक्तीने लावला होता. 'रेनेसाँ' हे नाव मात्र एका आंतरराष्ट्रीय हॉटेल कंपनीने नोंदवलेले होते. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हॉटेलाविरुद्ध निकाल दिला. 'न्यू', 'ओम', 'श्री', 'साई' यांनी नाव शुभ होत असेल, पण दुसऱ्याचे नाव आपले होत नाही.

दोन्ही नोंदवह्यांत नाव सापडले नाही, तरी एक मोठी जागा पाहायची राहते. ती म्हणजे प्रत्यक्ष बाजार. भारतीय कायद्याचे हे वैशिष्ट्य प्रत्येक नव्या व्यापाऱ्याने समजून घ्यावे. आपल्याकडे नोंदणी करणाऱ्यापेक्षा आधी वापरणारा वरचढ ठरू शकतो. ट्रेडमार्क कायद्याचे चौतिसावे कलम सांगते की नोंदणी असलेल्यालाही आधीपासून नाव वापरणाऱ्याला थांबवता येत नाही. आणि ज्याने काहीच नोंदवलेले नाही, तोही 'पासिंग ऑफ'चा दावा लावू शकतो, म्हणजे दुसरा आपला माल माझा म्हणून खपवतो आहे, अशी तक्रार करू शकतो.

तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीचा 'इरुट्टुकडै हलवा' १९०० सालापासून विकला जातो असा त्या दुकानाचा दावा. तेच नाव लावून हलवा विकणाऱ्या दुसऱ्या दुकानदाराने आपल्याकडे नोंदणी असल्याचे सांगितले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आधीच्या वापराचा हक्क नोंदणीच्या हक्काहून श्रेष्ठ आहे. अहमदाबादच्या 'मुक्तजीवन' कलर लॅबची गोष्ट तर अगदी गल्लीतल्या धंद्याची. १९८२ पासून चाललेल्या या फोटो स्टुडिओचे नाव दुसऱ्या स्टुडिओने घेतले. खालच्या न्यायालयांनी मनाई हुकूम नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तो दिला आणि सांगितले की धंद्याचे नाव ही त्या धंद्याच्या पुण्याईची मालमत्ता आहे. मोठ्या कंपन्यांइतकाच फोटो काढणाऱ्यालाही तिचा हक्क आहे, ही या निकालातली फार मोलाची गोष्ट.

परदेशी नावांचे काय? इथे न्यायालयांचा कल एकसारखा नाही आणि तो समजून घेतला पाहिजे. 'व्हर्लपूल' हे नाव अमेरिकी कंपनीने भारतात १९५६ मध्ये नोंदवले होते, पण १९७७ मध्ये नोंदणी संपू दिली. १९८६ मध्ये एका भारतीय ट्रस्टने त्यासाठी अर्ज केला आणि त्या नावाने धुलाई यंत्रे बाजारात आली. कंपनीचा माल भारतात फारसा मिळत नसला तरी मासिकांतल्या जाहिरातींतून तिची कीर्ती इथपर्यंत पोहोचली होती, म्हणून १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. उलट २०१७ मध्ये टोयोटा 'प्रियस' या मोटारीच्या नावासाठी भांडली आणि हरली. जपानमध्ये ही मोटार १९९७ पासून होती, पण दिल्लीची एक कंपनी २००१ पासून मोटारीचे सुटे भाग त्या नावाने विकत होती, आणि तेव्हा भारतातल्या लोकांना 'प्रियस' माहीत होती हे टोयोटाला सिद्ध करता आले नाही. पुण्याच्या उपाहारगृहाचा वादही याच दोन निकालांच्या मधल्या जागेत उभा आहे. आता मोबाइलवर जगातली प्रत्येक जाहिरात दिसते, त्यामुळे परदेशातले आकर्षक नाव उचलून इथे लावणे पूर्वीपेक्षा कितीतरी धोक्याचे झाले आहे.

बाजारातला शोध कोणत्याही कार्यालयात होत नाही. साताऱ्याच्या गटाने आपल्या तालुक्यातल्या किराणा दुकानांची फळी पाहावी, कोल्हापूर आणि पुण्याच्या घाऊक बाजारात चौकशी करावी, माल ज्या जिल्ह्यांत पाठवायचा तिथल्या दुकानदारांना फोन करून 'या नावाचा मसाला येतो का' असे विचारावे. गुगलच्या नकाशावर नाव टाकून पाहावे, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत पाहावे. छापील पाकिटे करणारा मुद्रक हा तर या बाबतीत उत्तम जाणकार असतो. कोणत्या नावाची किती पाकिटे छापली, हे त्याच्याइतके कोणाला माहीत असणार?

संकेतस्थळाचे नाव शेवटी पाहिले तरी चालते, पण पाहिलेच पाहिजे. ते मिळाले म्हणजे हक्क मिळाला असे नाही. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'च्या जवळ जाणारे 'रॅडिफ' हे संकेतस्थळ थांबवले होते. २००४ मध्ये 'सिफी'च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संकेतस्थळाच्या नावालाही ट्रेडमार्कसारखेच संरक्षण आहे. 'डॉट इन'च्या नावांवरून तंटा झाल्यास न्यायालयात न जाता लवादाकडे जाण्याची वेगळी सोय आहे.

या सगळ्या शोधाला फार तर आठवडा लागेल. तो टाळला तर काय होते, हे कंपनी कायद्याच्या सोळाव्या कलमात वाचावे. नोंदलेल्या ट्रेडमार्कचा मालक नव्या कंपनीच्या स्थापनेपासून तीन वर्षांत प्रादेशिक संचालकांकडे तक्रार करू शकतो आणि त्यांचा आदेश निघाला की तीन महिन्यांत नाव बदलावे लागते. १ सप्टेंबर २०२१ पासून तर ज्यांनी मुदतीत बदल केला नाही त्यांना सरकारच नवे नाव देते. त्या नावात 'आदेश पाळला नाही' अशा इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे, वर्ष आणि कंपनीचा क्रमांक असतो. तेच नाव मग बिलावर आणि पत्रावर छापावे लागते. बँकेतले खाते, परवाने, पाकिटे, पाट्या, गाड्यांवरची रंगरंगोटी, सगळे बदलावे लागते ते निराळेच. या खर्चाच्या तुलनेत ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज स्वस्त आहे. व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योग यांना एका वर्गासाठी ४,५०० रुपये पडतात, इतरांना ९,०००. अर्जाची छाननी होऊन नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापले गेले, की चार महिने हरकतींसाठी असतात. नोंदणी झाली की ती दहा वर्षे टिकते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते.

बचत गटाला एक सल्ला मात्र शोधाआधीच द्यायला हवा. 'स्वाद', 'चव', 'ताजे', 'घरगुती' असे मालाचे वर्णन करणारे शब्द निवडू नयेत. ते सर्वांचे असतात, म्हणून त्यांची नोंदणी अवघड आणि नोंदणी झालीच तरी राखण अवघड. मालाशी थेट संबंध नसलेला किंवा नव्याने घडवलेला शब्द सुरुवातीला लोकांच्या तोंडी बसायला वेळ घेतो, पण तो बसला की दुसऱ्याला तो उचलता येत नाही. मराठीत असे शब्द घडवायला कितीतरी वाव आहे आणि आपले छोटे उद्योजक तो पुरेसा वापरत नाहीत.

नाव पक्के झाले, की त्याच दिवसापासून पुरावा जमवायला लागावे. ट्रेडमार्कच्या अर्जात 'हे नाव कधीपासून वापरता' असा प्रश्न असतो आणि तारीख सांगितली तर प्रतिज्ञापत्रासह पुरावा द्यावा लागतो. मॅटूनपासून तिरुनेलवेलीपर्यंत सगळा निवाडा शेवटी त्या तारखेशी येऊन थांबला. तेव्हा पहिल्या बिलाची प्रत, पाकिटे छापल्याची पावती, पहिली जाहिरात आणि दुकानाच्या उद्घाटनाची पत्रिका, सगळ्यावर तारीख दिसेल अशा रीतीने एका फायलीत लावून ठेवा.